साथ आहे, येऊ नकोस

दि. १० मार्च, मंगळवार

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. नमस्कार उभ्यानेच केला आहे, कारण वाकलो तर हल्ली गुडघे वर यायला तयार नसतात आणि हाताला धरून उठवायला घरात दुसरं कोणी नाही. हे शेवटचं वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाच. घरात दुसरं कोणी नाही.

पत्राला फार उशीर झाला, त्याबद्दल माफ कर. आधी मी तुझ्यावर रागावलो होतो. मग कळलं की तूच माझ्यावर रागावली आहेस. मग कोण कशावरून रागावलं आहे ते समजून घेण्यात दिवस गेले, आणि लिहायला बसलो तेव्हा पेनातली शाई वाळलेली. तुला फोन लावतो तर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. पत्र मात्र तू फाडत नाहीस, आधी वाचतेस आणि मग नावं ठेवतेस, हे मला माहीत आहे. म्हणून पत्र.

आणखी एक. हे पत्र हातात घेण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेव. आता हे मी तिसऱ्या परिच्छेदात सांगतो आहे म्हणजे तू हात लावून चुकली असणार. असो. उठ, साबणाने हात धू आणि मग पुढे वाच. मी थांबतो.

धुतलेस? कागदावर मी इस्त्री फिरवणार आहे, कोपरा पिवळा दिसला तर तो इस्त्रीचा समज. हे सगळं नुसतं खबरदारी म्हणून. इथे हल्ली सगळेच करतात. माझी तब्येत उत्तम आहे.

तुझा दमा कसा आहे? सूनबाई जिन्यावरून जड काही उचलायला लावत नाही ना? धाप लागली की बसतेस का, की बोलतच राहतेस?

आता मुद्द्यावर येतो. गेल्या महिन्यात तुला माझा जो निरोप आला, त्यावरून तू जे समजलीस ते तसं नाही. ही गेल्यापासून, म्हणजे तुझी भावजय गेल्यापासून, तू म्हणत होतीस, "बारक्या, मी येते तुझ्याकडे कायमची." मी तयारी केली होती. तुझ्यासाठी खाट घेतली, खिडकीशी लावली, कारण तुला हवा लागते. आणि तेवढ्यात हा नवा रोग निघाला. तेव्हा मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या शिकवणीबाईंना सांगितलं की ताईला फोनवर निरोप टाका. मला ती बारीक अक्षरं दाबता येत नाहीत, एक दाबलं की तीन उमटतात.

मी सांगितलेला निरोप असा होता: "इथे साथ आहे. येऊ नकोस." बस. तारा पाठवायच्या काळापासून मला शब्द वाचवायची सवय.

शिकवणीबाई म्हणाल्या, "काका, इतकं तुटक? मोठ्या बहिणीला? जरा माया घाला."

मी म्हटलं, "तुम्हीच घाला, मला चष्मा सापडत नाहीये."

त्यांनी माया घातली. त्यांची शिकवणी गणिताची आहे, भाषेची नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. जो निरोप तुला पोचला तो मी आता त्यांच्या फोनवर वाचला: "ताई, मला इथे चांगलीच साथ आहे. माझी काळजी नसावी. येऊ नकोस."

तो "मला" माझा नाही, ताई. तो शिकवणीबाईंनी पदरचा घातला. मी विचारलं तर म्हणाल्या, "'मला' घातलं की आपुलकी वाटते."

त्यावर तुझं उत्तर आलं: "साथ मिळाली, बरं झालं. या वयात मिळाली हे विशेष. सुखी राहा. माझी अडचण होणार नाही."

आता तू माझ्या जागी बसून बघ. गावभर रोग पसरतो आहे आणि सख्खी बहीण लिहिते, साथ मिळाली बरं झालं! मी ते दोनदा वाचून घेतलं. "या वयात मिळाली हे विशेष" याचा तर मला अर्थच लागेना. ती या वयातच मिळते असं सगळे सांगत आहेत, त्यात विशेष काय? मला वाटलं, ताईचं डोकं फिरलं. नाही तर ताई मला सरळसरळ शाप देते आहे. जेवण गेलं नाही. तुझ्या खाटेवर एक जुनी चादर टाकून दिली रागाने.

मग तुझ्या धाकट्याचा फोन. आवाज एकदम खाली आणलेला.

"मामा, विचारू का? रागावू नका. त्या काय करतात?"

"कोण?"

"त्याच. तुमची साथ."

"पसरते," मी म्हटलं. "आणखी काय करणार! आज या घरात, उद्या त्या घरात."

मग म्हणतो, "मामा, बाईमाणसाबद्दल असं बोलू नये."

मला वाटलं, फोनमध्ये काही बिघाड आहे. तो पुढे विचारतो, "कुठल्या आहेत?"

"बाहेरच्या देशातून आली म्हणतात. विमानाने."

"बापरे. आणि वय?"

"वय कसलं? आत्ता तर निघालीय. अजून धड वर्षाचीसुद्धा नाही."

यावर भाचा अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "मामा, तुम्ही जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन या."

"तेच तर सगळे सांगतात," मी म्हटलं. "खोकला आला की लगेच जायचं."

तिथे कुठे त्याची ट्यूब पेटली. तो इतका हसला की तुझी सून धावत आलेली मला ऐकू आली. मी मात्र हसलो नाही. या वयात, चौथीपर्यंत शिकलेल्या, गुडघे गेलेल्या माणसाला बाई मिळाली यावर माझी बहीण विश्वास ठेवते, आणि त्याला रोग आला यावर ठेवत नाही! मी त्याला सांगितलं, आत्ताच्या आत्ता आईला सांग. त्याने सांगितलं असेलच. तरी मीही लिहून कळवतो आहे. बाई नाही. रोग आहे. रोग मला नाही, गावात आहे. माझी तब्येत उत्तम आहे.

आता मी तो निरोप इतक्या घाईने का धाडला तेही सांगतो, म्हणजे तुझं समाधान होईल.

तुला माहीत आहे, अजूनही मला कचेरीच्या इमारतीत लिफ्टवर ठेवलं आहे. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, दांडा फिरवून चालवायची. मजल्याला बरोबर टेकवायला हात बसलेला लागतो, नाही तर पायरी पडते आणि बायाबापड्या अडखळतात. तर मी स्टुलावर बसतो आणि माणसं माझ्या डोक्यावरून बोलतात. या रोगाबद्दल मला जे काही कळलं ते सगळं लिफ्टमध्ये. पण लिफ्टमध्ये कुठलंच बोलणं पुरं होत नाही. एक जण शिरतो, म्हणतो, "अहो, साध्या फ्लूने दरवर्षी याच्या..." आणि दुसरा मजला येतो, तो उतरतो. दुपारी भलताच कोणी "...कितीतरी पट, आणि त्याची बातमीसुद्धा होत नाही!" असं म्हणत शिरतो. वाक्याचं डोकं सकाळी मिळालं, शेपूट दुपारी, धड कुठल्या मजल्यावर उतरलं देव जाणे. मी घरी येऊन तुकडे जुळवत बसायचो.

जुळवल्यावर मला जे कळलं त्याने माझी पाचावर धारण बसली. तुला सांगतो, ताई, फ्लूने माणसं मरतात हे मला आजवर माहीतच नव्हतं. फ्लू म्हणजे रजेच्या अर्जावर लिहायचा आजार. नाक गळतं, पांघरूण घेऊन पडायचं, तिसऱ्या दिवशी कामावर. आणि हे सगळे शिकलेले लोक एकमेकांना धीर देतात की घाबरू नका, फ्लूने याहून खूप जास्त मरतात! म्हणजे इतके दिवस मी एका रोगाला घाबरत होतो, आता दोघांना घाबरायला लागलो. लोकांना या हिशेबाने शांत झोप लागते, मला मात्र उलटी धास्ती.

चौथ्या मजल्यावर विम्याची कचेरी आहे. तिथले साहेब या हिशेबात सगळ्यांत पुढे. मरणाबद्दल ते इतकं मोकळेपणाने बोलतात, जसं आपण हवेबद्दल बोलतो. गेल्या आठवड्यात ते शिरले, बरोबर तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. साहेबांनी सुरुवात केली, "आकडे बघा ना बाई, फ्लूच्या मानाने हा म्हणजे..." आणि मला समोर तिसरा मजला येताना दिसला. आता बाई उतरणार, साहेब गप्प होणार, आणि माझ्या वाट्याला पुन्हा अर्धं वाक्य.

मी जाळीचं दार बोटभर ओढलं. दार उघडं राहिलं की आमची लिफ्ट जागच्या जागी थांबते. दुसरा आणि तिसरा यांच्या मध्ये आम्ही तिघं भिंतीसमोर उभे.

"काय झालं काका?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "साहेबांचं वाक्य पुरं होऊ दे."

साहेब आधी गडबडले, पण त्यांना ऐकणारा मिळाला की ते खुलतात. म्हणाले, "काका, आपल्याकडे या नव्या रोगाने आजवर किती गेले? हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आणि फ्लूने? दर हिवाळ्यात हजारोंनी जातात. मग फ्लूसाठी कधी कोणी तोंडाला फडकं बांधलं? कोणी लिफ्ट थांबवली?"

"साहेब, फ्लूने खरंच माणसं मरतात?"

"मरतात म्हणजे काय, काका! दरवर्षी!"

"मग इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं कसं नाही?"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "साहेब, पण फ्लूचे ते आकडे अंदाजाचे असतात. कोणी दारोदार तपासून मोजत नाही. हिवाळ्यात नेहमीपेक्षा किती जास्त माणसं गेली ते बघून मागाहून हिशेब बांधतात. या नव्याचे आकडे तपासलेल्या माणसांचे, एकेक करून मोजलेले. तपासले नाहीत ते त्यात धरलेलेच नाहीत. अंदाज आणि मोजणी एकाच काट्यावर कशी तोलता? शिवाय त्याचा अख्खा हंगाम झालेला असतो, आणि हा तर आत्ता कुठे निघालाय."

"पण आकडा तर लहानच आहे ना?" साहेब म्हणाले.

"आज लहान आहे," बाई म्हणाल्या. "पुढचं मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही."

मला सगळं समजलं असं मी म्हणणार नाही. एवढं समजलं की या नव्या रोगाची लिफ्ट नुकती तळमजल्यावरून सुटली आहे आणि साहेब तिची उंची वर पोचलेल्या लिफ्टशी ताडून बघताहेत. हे बरोबर समजलं का, असं बाईंना विचारणार होतो, पण तेवढ्यात लिफ्टमध्ये कोणाला तरी खोकला आला.

कोणाला ते महत्त्वाचं नाही. चांगला दणदणीत होता. साहेबांनी बॅग तोंडासमोर धरली आणि जाळीला असे चिकटले की शर्टावर चौकटी उमटल्या असतील. त्यांना धीर यावा म्हणून मी म्हटलं, "फ्लूच असेल, साहेब."

साहेब ओरडले, "लिफ्ट चालू करा आधी!"

त्यानंतर मला चार दिवस घरी बसायला सांगितलं आहे, भरपगारी. खबरदारी म्हणून.

उरलेलं उद्या लिहितो. डोळे चुरचुरताहेत, दिवा जुना झाला आहे. तब्येत उत्तम आहे.

दि. १२ मार्च, गुरुवार

ताई, काल लिहिता आलं नाही. आज दुपारी तुझ्या धाकट्याचा पुन्हा फोन आला आणि तू सामान बांधल्याची बातमी कळली. पुढच्या रविवारच्या, २२ तारखेच्या गाडीचं तिकीट तू काढलंस म्हणे!

त्याने तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालीस, "रोगाला कोणी 'मला चांगलीच साथ आहे' म्हणतं का? सारवासारव आहे ही. आणि त्याच्या घरी फोन केला तर उचलला कोणी? बाईने!" तो शिकवणीबाईंनी उचलला, ताई. त्या दाराबाहेर सूप ठेवायला आल्या होत्या, मी जरा आडवा झालो होतो, फोन दाराजवळच्या खुंटीला टांगलेल्या पिशवीत वाजत होता. त्यांनी दार लोटलं, हात आत घातला, "काका झोपलेत" एवढंच सांगितलं आणि जिना चढून गेल्या. दुपारी चार वाजता एखादी बाई म्हणते "काका झोपलेत", तर ऐकणाऱ्याला काय काय वाटू शकतं हे मला आता कळतं.

आणि रोगाचं म्हटलं तर तू काय म्हणालीस? "फ्लूने याहून जास्त मरतात, टीव्हीवर सांगितलं. मी काय दर हिवाळ्यात फ्लूला भिऊन घरी बसते?" अगदी विमासाहेब बोलल्यासारखी बोललीस. तुम्हा दोघांची भेट घालून द्यायला हवी. लिफ्टमध्ये नको, मोकळ्या मैदानात.

भाच्याला मी म्हटलं, "तिला सांग, येऊ नकोस."

तो म्हणाला, "मामा, तुम्ही येऊ नकोस म्हणता म्हणूनच ती निघालीय. 'काय लपवतोय बघतेच' म्हणते."

फोन ठेवल्यावर मी तुझ्या खाटेच्या कडेवर टेकलो आणि विचार केला. तुला वाटतं बाई आहे, तर तू भांडायला येणार. मी ठणठणीत आहे म्हणून कळवलं, तर ठरल्याप्रमाणे राहायला येणार. आजारी आहे म्हणून कळवलं, तर माझं करायला येणार, तीही सगळ्यांत आधी, मिळेल त्या गाडीने. तू येऊ नयेस असं मी नेमकं काय असावं हेच मला सुचेना. मेलो म्हणून कळवलं तरी तू यायचीच.

म्हणून मी इतके दिवस गोल गोल लिहीत होतो. पण तू निघालीच आहेस म्हटल्यावर गोल गोल लिहून काय उपयोग? लिफ्टमध्ये आम्ही तिघंच होतो. तो खोकला साहेबांचा नव्हता आणि बाईंचाही नव्हता. तू समजून घे.

ताप आहे, ताई. गेल्या आठवड्यापासून आहे. अंग सालपटासकट दुखतं आहे. शिकवणीबाई सूप आणि पाव दाराशी ठेवतात, दोनदा टकटक करतात, आणि वरच्या पायरीवर उभं राहून "काका, कसं आहे?" विचारतात. मी आतून ओरडतो, "उत्तम!" आणि त्या ओरडण्याने खोकला येतो. त्यांना सगळं कळतं. परवा मला तपासायला नेलं. नाकात एक काडी घातली, ती कुठवर गेली सांगता येत नाही, पण माझं लहानपणीचं बरंच काही आठवलं. निकाल शनिवारी येणार आहे. दोहोंपैकी एक आहे म्हणतात, फ्लू किंवा ते दुसरं.

डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला होता, साहेबांनी नंबर दिला म्हणून. म्हणाल्या, "काका, बहुतेक फ्लूच असेल, घाबरू नका." मी म्हटलं, "बाई, तुम्ही ज्याने घाबरू नका म्हणता त्यानेच तर जास्त मरतात." त्या म्हणाल्या, "मी दातांची डॉक्टर आहे हो, काका."

तर असा मी इथे बसलो आहे, आणि कशाची आशा धरायची तेच ठरत नाही. फ्लू निघावा म्हणून हात जोडतो, आणि साहेबांचा आकडा आठवतो. दुसरं निघावं, त्याने आजवर थोडे गेले, तर बाईंचं बोलणं आठवतं की त्याचं अजून मोजून झालेलं नाही. काल ताप जरा चढला तेव्हा तुझी हाक ऐकू आली असं वाटलं. "बारक्या, पांघरूण नीट घे." मी घेतलं. मग लक्षात आलं की खोलीत कोणी नाही.

हे मी लिहायला नको होतं. आता तू नक्की येशील.

पण येऊ नकोस. शनिवारपर्यंत तरी काही ठरवू नकोस. निकाल लिहिल्याशिवाय हे पत्र टाकत नाही.

दि. १४ मार्च, शनिवार

ताई, निकाल आला. शिकवणीबाईंच्या फोनवर आला, कारण तिथे मी त्यांचाच नंबर दिला होता. त्या जिन्यातूनच ओरडल्या, "काका, फ्लू! साधा फ्लू!" आणि टाळ्या वाजवल्या. खालच्या मजल्यावरच्यांनीही दार उघडून टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या, त्याही आजारी पडल्याबद्दल.

मी दाराला धरून उभा होतो. म्हटलं, "साधा? बाई, त्याने दरवर्षी हजारो..."

"काका!" त्या म्हणाल्या. "आज नाही!"

मग विमासाहेबांचा फोन आला. लिफ्ट बंद ठेवली आहे, चौथ्या मजल्यावर ते पायी चढतात, आवाजावरूनच कळत होतं. "काका, फ्लूच ना? नक्की फ्लूच ना? कागदावर तसंच लिहिलंय ना?" हो म्हटलं तर त्यांनी इतका मोठा सुस्कारा सोडला की माझा कान गरम झाला. "वा वा! मग काही काळजी नाही!" फ्लूच्या हजारोंची त्यांना आठवण नव्हती, मीही करून दिली नाही. भला माणूस आहे. पंधरा दिवस येऊ नका, पगार चालू राहील, असं त्यांनीच इमारतीच्या मालकांना सांगून ठेवलं आहे.

ताप आज उतरला आहे. खोकला आहे, पण ओला झाला आहे. हे खरं लिहितो आहे. यापुढे "उत्तम" हा शब्द या पत्रात सापडणार नाही.

आता तुला वाटेल, ते दुसरं नाही तर मग अडचण काय? मलाही तसंच वाटलं. निकाल कळल्यावर पहिली गोष्ट केली ती ही की पेन घेतलं आणि लिहिलं, "ये." वरच्या कोपऱ्यात जी जाड खाडाखोड दिसते आहे, तिथे तो शब्द होता. आधी एका रेघेने खोडला, पण तरी वाचता येत होता, म्हणून गिरवून गिरवून काळा केला. तू उजेडासमोर धरून बघशील, माहीत आहे. बघ. तो होता.

खोडला, कारण डॉक्टरीणबाईंना मी पुन्हा फोन केला. म्हटलं, "बाई, माझी बहीण येते आहे. माझ्याहून मोठी, दम्याची." त्यांनी मला हिशेब सांगितला नाही, आकडा सांगितला नाही. नुसतं विचारलं, "गाडीत किती तास बसणार?" मी सांगितलं. सांगता सांगता मीच ते तास बोटांवर मोजले. विमासाहेबही बरोबर असतील, त्यांची कचेरी मोठी आहे, त्यांना हजारांत बोलावं लागतं, आणि हजारांत बघितलं तर आज मेलेले थोडे आहेत, ते मीही कबूल करतो. पण ताई, माझ्याकडे बहीण एकच आहे. एकातून एक गेला की किती उरतात, हे चौथीतल्यालाही येतं. आणि गाडीतला कोण खोकतो आहे, आणि त्याला साधा आहे की दुसरा, ते तुला कसं कळणार? इथे मला स्वतःला कळायला आठवडा लागला. घरात शिरलीस तरी माझा खोकला आहेच, आणि तू काही दाराबाहेरून सूप ठेवून जाणाऱ्यांतली नाहीस. तू कपाळावर हात ठेवणार.

तेव्हा या वेळी शिकवणीबाईंना मध्ये न घालता, त्यांची माया न घालता, माझ्या हाताने लिहितो. येऊ नकोस. कोणी आहे म्हणून नाही. कोणी नाही, आणि म्हणूनच तू यावंस असं मला सारखं वाटतं, आणि म्हणूनच येऊ नकोस. यात काही उलटसुलट झालं असेल तर दोनदा वाच, मी पण दोनदा लिहिलं आहे.

रागावून बस, चालेल. पण घरी बसून रागाव. लोकांना सांग, भावाने म्हातारपणी बाई ठेवली आणि मला तोडलं. मी नाही म्हणणार नाही. शिकवणीबाईंना विचारलं, त्यांचीही हरकत नाही. फक्त म्हणाल्या, "त्यांना सांगा, बाई स्वयंपाक बरा करते." त्या गणिताच्या असल्या तरी विनोद करतात.

हे पत्र शिकवणीबाई चिमट्याने धरून पेटीत टाकणार आहेत. इस्त्री आत्ता करतो.

मला तुझ्याकडून लांब पत्र नको. एक ओळ पुरे. "येत नाही" एवढंच लिही, हवं तर खाली शिव्या लिही. तुझ्या अक्षरात असू दे, नाही तर मला वाटेल भाच्याने माझी समजूत काढायला लिहिलं. २२ तारखेच्या रविवारच्या आत तुझा शब्द आला नाही, तर मी पांघरूण घेऊन फलाटावर येईन आणि तुला त्याच पावली परतीच्या गाडीत बसवीन. पण ही गेली तेव्हा भेटलीस, त्यानंतर तुला पाहिलेलं नाही. इतक्या दिवसांनी तू समोर उतरणार आणि मी चार हात लांब उभं राहून "मागे जा, मागे जा" असं ओरडणार, ते मला जमणार नाही, ताई. मी पुढे येईन आणि पिशवी घेईन तुझ्या हातातली. माझी मला खात्री नाही. म्हणून लवकर कळव.

तू येऊ नयेस म्हणून देव पाण्यात घालून बसलेला, आणि तरी दार वाजलं की उठणारा,
तुझा
बारक्या